नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन शिकवण्यासाठी शिक्षक निवडायचा आहे : पदवी पाहावी की पायपीट?

कुकडीकाठ

नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. येत्या वर्षापासून आमच्याकडे ‘नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू होत असून त्याचे समन्वयकपद माझ्याकडे आले आहे. अभ्यासक्रम विनाअनुदानित आहे, म्हणजे शिक्षकाचे मानधन विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि काही अंशी संस्थेच्या तिजोरीतून निघायचे आहे. त्यामुळे तूर्त एकच पूर्णवेळ शिक्षक नेमता येईल, आणि माती, पाणी, जंगल, कुरणे, कायदे, नकाशे हे सगळे त्या एकाच व्यक्तीने पेलावे अशी संस्थाचालकांची अपेक्षा आहे. ही अपेक्षा जरा जास्तच आहे हे मलाही कळते, पण सुरुवात तिथूनच करावी लागणार आहे.

आमचा तालुका या विषयासाठी जणू आखून दिल्यासारखा आहे. पश्चिमेला नाणेघाटाच्या बाजूला धो धो पाऊस, भातखाचरे, महादेव कोळी समाजाची गावे आणि हिरड्याची झाडे. पूर्वेला कमी पावसाचा पट्टा, पण कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांमुळे तिथेच ऊस, कांदा आणि टोमॅटोची बागायत. ज्यांच्या डोंगरावरून पाणी वाहून येते त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि ते पाणी जिथे पोहोचते तिथे दुबार-तिबार पिके निघतात. बिबट्या अभ्यासक्रमात नसला तरी उसात आहेच. वर्गात या दोन्ही बाजूंची मुले एकाच बाकावर बसणार आहेत.

जाहिरातीला अकरा अर्ज आले आणि छाननीनंतर तिघे उरले आहेत. पहिल्या उमेदवार पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. आहेत, नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहेत, नदीच्या पाण्यातील जड धातूंवर त्यांचे संशोधन आहे आणि त्यांचा प्रात्यक्षिक तास अतिशय नीटनेटका झाला. दुसरे गृहस्थ एका स्वयंसेवी संस्थेत सतरा वर्षे पाणलोटाचे काम करत आहेत. गावागावांत त्यांना ओळखतात, परंतु शिक्षण बी.ए. पर्यंतच. तिसरे जलसंधारणाच्या सरकारी सेवेतून निवृत्त झालेले अभियंते आहेत. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, तांत्रिक मान्यता या गोष्टी त्यांना तोंडपाठ आहेत.

निवड समितीत दोन तट पडले आहेत. प्राचार्यांचा कल पहिल्या उमेदवाराकडे आहे, कारण विद्यापीठाच्या मान्यतेचा प्रश्न येणार नाही असे त्यांना वाटते. माझा कल दुसऱ्यांकडे आहे, पण तो कल आहे की भाबडेपणा, हे माझे मलाच ठरवता येत नाही. मुलाखतीची दुसरी फेरी तीन आठवड्यांनी आहे. या विषयाच्या शिक्षकात नेमके काय पाहावे, आणि ते तासाभराच्या मुलाखतीत कसे पारखावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

कातळ

मी बत्तीस वर्षे भूशास्त्र शिकवले आणि त्यातली निदान वीस वर्षे कुठल्या ना कुठल्या निवड समितीवर बसलो. त्या अनुभवावरून आधी कागदाचे सांगतो आणि मग दगडाचे.

नेट किंवा तिच्या राज्य पातळीवरच्या सेट परीक्षेत ‘नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन’ या नावाचा विषय नाही. या विषयाचा शिक्षक नेहमी शेजारच्या घरातूनच येतो : पर्यावरणशास्त्रातून, भूगोलातून, भूशास्त्रातून, वनस्पतिशास्त्रातून किंवा कृषी शाखेतून. म्हणून जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ एवढेच लिहिले असेल, तर ‘संबंधित’ म्हणजे कोणते विषय, हे विद्यापीठाच्या मान्यता विभागाकडून आधी लेखी घ्या. कृषी विद्यापीठातून मृद व जलसंधारण अभियांत्रिकी शिकलेला उत्तम उमेदवार या एका शब्दावर अडलेला मी पाहिला आहे. दुसरे असे की, अनुदानित पदावरील सहायक प्राध्यापकासाठीचे निकष आणि तुमच्या विनाअनुदानित पदविकेच्या शिक्षकासाठीचे निकष एकच आहेत, असे गृहीत धरू नका. तसे ते नाहीत असेही गृहीत धरू नका. दूरध्वनीवर मिळालेल्या उत्तराला मान्यतेच्या वेळी काडीची किंमत नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नावाची वाट मोकळी केली. तिच्यात औपचारिक पदवीची अट नाही. आपल्या क्षेत्रातला किमान पंधरा वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव मात्र लागतो. नेमणूक जास्तीत जास्त तीन वर्षांची, अपवादाने आणखी एक वर्ष, आणि अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपलीकडे नेता येत नाहीत. तुमच्या दुसऱ्या उमेदवाराची सतरा वर्षे इथे कामी येऊ शकतील. ही वाट तुमच्या विद्यापीठाने स्वीकारली आहे का, आणि या पदविकेला ती लागू करता येईल का, एवढी चौकशी करा. निदान प्राचार्यांपुढे ठेवायला एक कागद होईल.

आता दगडाचे. पश्चिम महाराष्ट्रात पाणी शिकवायचे म्हणजे बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, शिकवायचा. आपला खडक वाळूसारखा सगळीकडून सारखे पाणी पीत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा पोकळ्यांचा मांजऱ्या दगड, मध्येच लाल गेरूचा पट्टा आणि मग भेगा असलेला किंवा नसलेला घट्ट कातळ, अशा थरांवर थर आहेत; एका विहिरीला पाणी आणि शंभर पावलांवरची विहीर कोरडी, याचे कारण तिथे आहे. हे न समजता बांधलेला बंधारा गळून जातो, किंवा त्याचे पाणी भलत्याच गावाच्या विहिरींत उतरते. त्यामुळे उमेदवाराला वर्गात उभे करू नका. गावाबाहेरच्या एखाद्या उघड्या, न बांधलेल्या विहिरीच्या काठावर उभे करा आणि विचारा : हे थर ओळखा, यातला कोणता पाणी धरतो, कोणता अडवतो, आणि मे महिन्यात पाणी कुठे असेल? पीएच.डी. असो वा बी.ए., दहा मिनिटांत कळते.

विहिरीवरून परतल्यावर एक गणित घाला. पाहणाऱ्याला ते पोरकट वाटेल, पण माझ्या अनुभवात अर्धे उमेदवार तिथेच अडखळतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर. मग पुढे न्या : १,२०० हेक्टरचे शिवार आणि ६०० मिलिमीटर पाऊस, तर आकाशातून ७२ लाख घनमीटर पाणी पडले. गावाची लोकसंख्या २,००० आणि माणशी रोजचे ५५ लिटर धरले तर घरगुती गरज वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर. आणि १०० हेक्टर उसाला वर्षाकाठी २,००० मिलिमीटरच्या हिशेबाने २० लाख घनमीटर. म्हणजे शिवाराच्या बाराव्या हिश्शावरचा ऊस अख्ख्या गावाच्या पिण्यावापरण्याच्या पाण्याच्या पन्नासपट पाणी पितो. ज्या शिक्षकाला हे फळ्यावर खडूने, यंत्राशिवाय, मुलांना प्रश्न विचारत विचारत मांडता येते, तो तुमचा शिक्षक.

---

माथापायथा

कातळ सरांच्या विहिरीच्या काठाला माझे अनुमोदन आहे, पण ‘क्षेत्रावरचा माणूस’ या कल्पनेभोवती जे तेजोवलय तयार होते त्याबद्दल मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे, कारण मी स्वतः तोच ‘क्षेत्रावरचा माणूस’ आहे. संगमनेर-अकोले भागात मी चौदा वर्षे पाणलोटाचे काम केले आणि मध्ये दोन वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर हाच विषय शिकवला.

पहिल्या वर्षी मी फार वाईट शिकवले. माझ्याकडे गोष्टी भरपूर होत्या. या गावात असे भांडण झाले, त्या गावात बायांनी श्रमदानातून चर खोदले, तिसऱ्या गावात सरपंचाने काय केले. मुले रंगून ऐकत, आणि परीक्षेत सलग समतल चरांमधले, म्हणजे डोंगरउतारावर एकाच पातळीत खोदलेल्या चरांमधले, अंतर उतारानुसार कसे बदलते हे एकालाही लिहिता येत नसे. ते त्यांना मी शिकवलेच नव्हते, कारण मला स्वतःला ते हाताला माहीत होते, तोंडाला नव्हते. ए-फ्रेम (समान पातळी शोधायची A आकाराची चौकट) डोंगरावर लावणे आणि ती तशीच का लावायची हे अठरा वर्षांच्या मुलाला समजावणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या वर्षी मी रात्री बसून पुस्तके वाचली, टिपणे काढली, तेव्हा कुठे तास तासासारखा होऊ लागला. तुमच्या दुसऱ्या उमेदवाराला म्हणून एक गोष्ट नक्की विचारा : तुमच्या ज्या कामाला यश आले नाही त्याचे कारण सांगा. यशोगाथा सगळ्यांकडे असतात आणि त्या देणगीदारांना सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या असतात. फसलेल्या बंधाऱ्याचे कारण खडकात होते, आराखड्यात होते की गावकीत होते, हे वेगळे करून सांगता आले तर तो माणूस शिकवू शकेल.

तुमच्या निवृत्त अभियंत्यांना मी उगाच बाजूला काढणार नाही. बांधकामाचे मोजमाप त्यांच्याइतके कोणी शिकवणार नाही. अडचण एवढीच की या पेशातल्या अनेकांना पाणलोट म्हणजे बांधकामांची यादी वाटते. त्यांना अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाबद्दल विचारा. ‘तिथे चर खोदले, बंधारे बांधले, झाडे लावली’ एवढ्यावर उत्तर थांबले तर समजा की निम्मे उत्तर राहिले. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस आणि केळी लावायची नाहीत असे ठरवले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, आणि पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. तिथली कामे पाहायला राज्यभरातून गाड्या भरून लोक जातात, फोटो काढतात आणि नियम तिथेच ठेवून परत येतात. त्याआधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या नव्हे तर कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात वाटले, भूमिहीनांनाही त्यात हक्क दिला आणि उसाला मनाई केली. ‘व्यवस्थापन’ हा शब्द अभ्यासक्रमाच्या नावात आहे तो यासाठी. ज्या शिक्षकाला बंधाऱ्याची उंची सांगता येते पण त्यात अडलेले पाणी कोणाच्या मोटारीने उपसले जाते हे विचारावेसे वाटत नाही, त्याला तुम्ही अभियांत्रिकीचा शिक्षक म्हणून नेमत आहात, एवढे लक्षात ठेवा.

आता अशा गोष्टीकडे वळते जिच्याबद्दल निवड समिती कधीच बोलत नाही, आणि ती म्हणजे दिनदर्शिका. आपल्या विषयाचे वर्ष पावसावर चालते आणि महाविद्यालयाचे वर्ष परीक्षांवर. पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो, कारण रब्बीला काय पेरायचे ते त्यावर ठरते; नेमक्या त्याच वेळी सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी असते. विहिरींची तळपातळी एप्रिल-मेमध्ये मोजायची असते, तेव्हा वार्षिक परीक्षा. चरांची आखणी उन्हाळ्यात, तेव्हा वसतिगृह बंद. मी शिकवत असताना मुलांना जून-जुलैत चिखलात नेले, जेव्हा पाहण्यासारखे गवत होते आणि मोजण्यासारखे फारसे काही नव्हते. नव्या शिक्षकाला तुम्ही वेळापत्रक वाकवण्याची मुभा देणार आहात का, हे त्याला मुलाखतीत सांगा. आणि उमेदवाराने हा प्रश्न स्वतःहून काढला तर त्याला मनातल्या मनात पाच गुण जास्त द्या.

शेवटी मानधन. मी शिकवणे सोडले ते विषयाला कंटाळून नव्हे. त्या महाविद्यालयात तासिकांचे पैसे सात महिन्यांनी, तेही दोन हप्त्यांत मिळाले. गावभेटीचे दिवस तासिकांत धरलेच नव्हते, कारण ‘तास वर्गात होतो’ अशी लेखापालांची ठाम समजूत होती. एका शनिवारी सत्तावीस मुलांना घेऊन मी दिवसभर डोंगर चढले आणि कागदोपत्री त्या दिवशी मी शून्य तास शिकवले. तुमची नेमणूक पूर्णवेळ असली तरी क्षेत्रभेटीचा दिवस किती तासांच्या बरोबरीचा, प्रवासखर्च कोण देणार आणि मुलांच्या विम्याचे काय, हे नेमणूकपत्रात लिहा. ते लिहिले नाही तर तुम्ही कोणालाही नेमा, दुसऱ्या वर्षी तो माणूस मुलांना चित्रफीत दाखवू लागेल.

---

बांबूबन

मी गडचिरोलीचा. वरच्या दोन्ही प्रतिसादांत पाणी आहे, माती आहे आणि थोडी गावकीही आहे. जंगल मात्र झाडे लावण्यापुरतेच आले. कुकडीकाठ यांनी स्वतः हिरड्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

साधनसंपत्ती आधी कोणाच्या तरी मालकीची असते आणि मगच तिचे व्यवस्थापन होते. आमच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो २००९ मध्ये, पण कापलेल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले. मधल्या काळात भांडण बांबूच्या वाढीवर नव्हतेच. बांबू हे झाड की गवत, ते गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातले इतर उत्पन्न) की नाही, आणि परवान्याचे पुस्तक कोणाच्या कपाटात राहणार, यावर ते होते. वनशास्त्राचा निष्णात शिक्षक बांबूच्या बेटातली कोणत्या वयाची काडी तोडावी हे बरोबर शिकवेल. पण ती तोडून विकायचा अधिकार ग्रामसभेला कुठल्या कलमाने मिळाला, हे शिकवले नाही तर मुलांच्या हाती नुसता कोयता राहील.

म्हणून तिन्ही उमेदवारांना एकच प्रश्न विचारा : जुन्नरच्या डोंगरातला हिरडा कोणाचा? मालकी जमिनीवरचा, वनखात्याच्या हद्दीतला आणि गावाच्या सामाईक जागेतला हिरडा यांची उत्तरे वेगळी आहेत. तुमच्या तालुक्यातली काही पश्चिमेकडची गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू होतात. त्याच्या जोडीला २००६ चा वनहक्क कायदा आहे. उमेदवाराला कलमे पाठ असण्याची गरज नाही. पण सातबारा वाचता यावा, गावनकाशावर गायरान आणि वनहद्द दाखवता यावी, आणि ‘हे जंगल सरकारचे’ एवढ्या एका वाक्यावर तो थांबू नये. वर्गातली पश्चिमेकडची मुले हे ऐकत असतील. हिरडा वेचायला त्यांच्या आया जातात. ज्या शिक्षकाच्या लेखी त्या बाया ‘जंगलावरील मानवी दबाव’ या शीर्षकाखाली येतात, त्याच्या तासाला ही मुले दोन महिन्यांनी बसणार नाहीत, आणि गैरहजेरीचे कारण विचारले तर काही सांगणारही नाहीत.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीच्या लोकज्ञानाच्या ज्या लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करायच्या असतात, त्याही पाहा. अनेक ठिकाणी त्या मुदत गाठण्यासाठी घाईघाईने भरलेल्या आहेत. एका गावाची नोंदवही उमेदवाराच्या हातात द्या आणि हिच्यात काय राहिले आहे ते विचारा. माझ्या मते हा प्रश्न दगडाच्या प्रश्नाइतकाच कस लावणारा आहे, कातळ सरांनी राग मानू नये.

---

नवाअक्षांश

मी असाच एक अभ्यासक्रम चार वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात पूर्ण केला आणि आता भौगोलिक माहिती प्रणालीचे काम करतो, त्यामुळे विद्यार्थ्याच्या बाजूने दोनच गोष्टी सांगतो.

आमच्या शिक्षकांना विषय येत होता, पण नकाशा म्हणजे भिंतीवर लावायची वस्तू अशी त्यांची कल्पना होती. आज क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे करायचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उपग्रहचित्रे पाहता येतात, आणि एका साध्या संगणकावर गावाच्या पाणलोटाची हद्द अर्ध्या दिवसात आखता येते. मला हे नोकरी लागल्यावर शिकावे लागले. शिक्षकाला हे येत नसेल तर निदान शिकायची तयारी आहे का, ते विचारा.

दुसरी गोष्ट भाषेची. आमची टिपणे सगळी इंग्रजीत होती आणि गावात गेल्यावर आम्हाला बोलताच येत नसे. पुस्तकातला ‘ॲक्विफर’, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरणारा थर, पाठ होता, पण विहीर खोदणारा म्हातारा ‘मांजऱ्या लागला की पाणी’ म्हणाला, तेव्हा दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत हे मला कळले नाही. कातळ सरांच्या प्रतिसादात तो शब्द आज इतक्या वर्षांनी लिहिलेला पाहिला.

---

कुकडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बांबूबन यांचा प्रश्न मी कालच चाचपून पाहिला, आणि तोही उमेदवारांवर नव्हे तर निवड समितीवर. ‘हिरडा कोणाचा?’ या प्रश्नाला पाच सदस्यांकडून चार उत्तरे मिळाली. पाचवे सदस्य म्हणाले की हा प्रश्न मुलाखतीत विचारू नये, वाद होईल.

तरीही पुढील गोष्टी मान्य झाल्या आहेत. दुसरी फेरी महाविद्यालयात न होता पश्चिमेकडच्या एका गावात अर्धा दिवस होईल; तिथल्या सरपंचांशी बोलणे झाले आहे. प्रत्येक उमेदवाराबरोबर द्वितीय वर्षाची सहा मुले असतील, तिकडची तीन आणि इकडची तीन, आणि उमेदवाराने समितीला नव्हे तर त्या मुलांना शिकवायचे आहे. विहीर, गणित आणि सातबारा हे तिन्ही त्यात येईल. माथापायथा ताईंनी सुचवलेली क्षेत्रभेटीची अट नेमणूकपत्रात घालायला प्राचार्यांनी होकार दिला. लेखापालांनी अजून दिलेला नाही. विद्यापीठाला पत्र गेले आहे. संस्थाचालकांनी पूर्णवेळ पदाबरोबर वर्षाला वीस दिवसांची पाहुण्या शिक्षकांची तरतूदही मान्य केली, त्यामुळे एकाच माणसाने सगळे पेलण्याचा आग्रह आता थोडा सैल झाला आहे.

दोन शंका उरतात. उमेदवारांना अर्धा दिवस गावात बोलावणे त्यांच्यावर अन्याय तर नाही ना, विशेषतः पहिल्या उमेदवारांवर, ज्या शहरातून येणार आहेत? आणि कातळ सरांचे उसाचे गणित आमच्या पूर्व भागातल्या मुलांपुढे मांडले, तर त्यांच्या घरच्या पिकावर बोट ठेवल्यासारखे होणार नाही का?

---

माथापायथा

अन्याय तेव्हा होईल जेव्हा तुम्ही त्यांना न सांगता न्याल. गावाचे नाव, शिवाराचे क्षेत्र, पावसाचे आकडे आणि गावनकाशाची प्रत तिघांनाही आठ दिवस आधी पाठवा, येण्याजाण्याचा खर्च आणि त्या दिवसाचे मानधन द्या. अभ्यास करून आलेला माणूस कोण हेही त्यातून कळेल. पहिल्या उमेदवारांना आधीच वजा करू नका. जड धातूंचे नमुने गोळा करायला त्या नदीच्या काठाने कितीतरी वेळा गेल्या असतील; त्यांना कोणी विहिरीकडे पाहायला सांगितले नसेल, एवढेच. मी बी.एस्सी. नंतर पहिल्यांदा डोंगरावर गेले तेव्हा मला समपातळी रेषा आणि पायवाट यांतला फरक कळत नव्हता.

आणि दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली तर त्यांना पहिले सहा महिने आठवड्यातला एक दिवस वाचनासाठी मोकळा द्या. माझ्याकडे तो नव्हता.

---

कातळ

उसाबद्दलची शंका रास्त आहे आणि त्यानिमित्ताने माझ्याच गणिताची एक फट दाखवतो, कारण ती कोणी दाखवली नाही.

मी उसाचे २० लाख घनमीटर धरले, पण त्या शंभर हेक्टरवर पडलेला ६०० मिलिमीटर पाऊसही त्यात आला. तो सगळा पिकाच्या कामी आला असे मानले तर सहा लाख घनमीटर वजा होतात आणि बाहेरून द्यायचे पाणी १४ लाखांवर येते. उलट बाजूने, आकाशातून पडलेले ७२ लाख घनमीटर गावाच्या हाती कधीच लागत नाही. त्यातले पुष्कळसे बाष्प होऊन उडते, काही ओढ्याने शिवाराबाहेर जाते आणि जमिनीत मुरणारा हिस्सा बेसाल्टात लहानच असतो. तुमच्या पूर्व भागात तर आणखी एक नोंद वाढते : कालव्याचे पाणी, जे त्या शिवारात पडलेलेच नाही. ते येडगाव धरणातून आले की आणखी कुठून, किती आवर्तने (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) मिळाली, हे जमेच्या बाजूला लिहावे लागेल.

मी वर्गात हे गणित नेहमी आधी ढोबळ मांडत असे आणि मग गप्प बसत असे. बागायतदाराचा मुलगाच बहुधा पहिला हात वर करायचा, ‘सर, पाऊस उसावरही पडतो की’, कारण घरच्या पिकावर बोट ठेवलेले त्याला सहन होत नसे. तिथून पुढचा तास तोच चालवत असे. तेव्हा उसाचे गणित टाळू नका, मुलाखतीच्या दिवशीही ते ढोबळच द्या. उमेदवाराने फट स्वतः शोधली तर उत्तम. मुलांनी शोधली, आणि तो खोडरबर घेऊन हसत आकडा दुरुस्त करू लागला, तर अधिक उत्तम. मुलाला गप्प बसवून पुढच्या पानावर गेला तर पुढचे प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नका, सरपंचांकडे चहा घ्या.